कचऱ्याचाही हिशेब मांडायला शिकवणारे मगनवाडीचे जे. सी. कुमारप्पा



शालेय पोषण आहाराची पंगत उठली की मागे काय उरतं, ते तुम्ही रोज बघता. कुणाच्या ताटात खिचडीचे चार घास, तर स्वयंपाकाच्या खोलीमागे कांद्याची सालं आणि भाजीचे देठ. वर्गात आपण कचरा व्यवस्थापन शिकवतो आणि हे सगळं मात्र कुंपणापलीकडे जातं. मुलं धड्यापेक्षा कुंपणाकडेच जास्त बघतात, नाही का?

म्हणून आज एका हिशेबनीस माणसाची ओळख करून घेऊया. हा माणूस तामिळनाडूतला, पण त्याची उमेदीची वर्षं आपल्या वर्ध्यात गेली. त्यांचं नाव जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा.

बालपण आणि शिक्षण

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचं आधीचं आडनाव कॉर्नेलियस. लंडनला जाऊन ते हिशेब तपासनीस झाले आणि परत येऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. पुढे ते अमेरिकेत शिकले. कोलंबिया विद्यापीठात अभ्यास करताना भारताच्या गरिबीची कारणं त्यांनी आकड्यांतून शोधली. साहेबी पोशाखातला हा माणूस तिथून बदलूनच परतला.

मे १९२९ मध्ये साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली. मग गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. गावाचं दारिद्र्य घरोघरी जाऊन, विचारून आणि मोजून कागदावर आणलं.

एक एक आण्याचा हिशेब

१९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. कार्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चाला त्यांनी कडक मर्यादा घातली होती. गांधीजी आणि त्यांची मंडळी पाटण्याला आली, तेव्हा त्यांचाही खर्च या निधीतून होणार नाही, असं कुमारप्पांनी स्पष्ट सांगितलं, आणि गांधीजींनी ते मानलं, अशी हकीकत सांगतात. पैसा लोकांचा आहे, तर त्यातला एक आणाही विनाहिशेब जाता कामा नये, ही त्यांची शिस्त. हीच नजर पुढे त्यांनी धान्य, माती आणि खत यांच्याकडे वळवली.

वर्ध्यातलं काम

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर या कामाला दिलं, आणि मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाची जबाबदारी कुमारप्पांवर आली. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, मधमाशीपालन, हातकागद अशी कामं तिथे चालू झाली.

या कामांत एक समान धागा दिसेल. गिरणीत तांदूळ जास्त पॉलिश केला की पोषक कोंडा निघून जातो, म्हणून हातसडीचा आग्रह. चिंध्या आणि रद्दी फेकायची नाही, त्यांचा कागद करायचा. थोडक्यात, वाया जाणं आधीच थांबवायचं आणि तरीही जे उरेल त्याला कामाला लावायचं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो लागणार आहे.

त्याच काळात, म्हणजे १९३५ साली, मगनवाडीतले कार्यकर्ते बादल्या आणि फावडी घेऊन जवळच्या सिंदी गावात सफाईला जात. तिकडे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली होती. आपल्याकडे जशा पऱ्हाट्या निघतात, तशाच तिथेही निघत. कडक पऱ्हाटी लवकर कुजत नाही म्हणून ती रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरायची आणि मग शेण-मातीबरोबर थर लावायचे! गांधीजींच्या हरिजन साप्ताहिकानेही या खताची माहिती १९३५ मध्ये छापली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. नई तालीमचा अभ्यासक्रम आखायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात विनोबा, काका कालेलकर यांच्याबरोबर कुमारप्पाही होते. हाताने केलेल्या कामातूनच गणित, विज्ञान आणि भाषा शिकायची, हा त्या शिक्षणाचा गाभा.

तुरुंगातलं पुस्तक आणि अखेर

स्वातंत्र्यलढ्यात कुमारप्पा अनेकदा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. त्याचा साधा अर्थ असा, की जमिनीतला कोळसा नि तेल हा साठा आहे, उपसला की संपतो. पण पान गळतं, कुजतं आणि पुन्हा झाडाला मिळतं, ते चक्र संपत नाही. माणसाने या चक्राला धरून राहावं.

३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचं निधन झालं. दिवस नेमका गांधीजींच्या पुण्यतिथीचा! वर्ध्याचं मगन संग्रहालय आजही उभं आहे. मुलांची सहल काढायला दूर कशाला जायचं?

आपल्या शाळेत काय करता येईल?

खड्डा खणला, फोटो काढला, उपक्रम संपला, असं बऱ्याचदा होतं. म्हणून कुमारप्पांचा क्रम धरूया. आधी हिशेब, मग खड्डा.

१. पहिले पंधरा दिवस फक्त मोजा. वहीत चार रकाने आखा : तारीख, जेवलेली मुलं, उरलेल्या अन्नाचं वजन, कारण. कारण मुलांनाच विचारा. वाढलं जास्त की शिजलं कच्चं? सरासरी आणि आलेख याच वहीतून शिकवा.

२. मग उरणं कमी करा. आधी थोडं वाढायचं, लागलं तर पुन्हा घ्यायचं.

३. जे उरेलच, त्याचं खत. सावलीत खड्डा करा. एक टोपली ओला कचरा, त्यावर दोन टोपल्या सुका पालापाचोळा किंवा सोयाबीनचं कुटार आणि वर थोडी माती. शिजलेलं अन्न थोडं-थोडंच टाका. वास आला तर ओल जास्त झाली, सुका पाला वाढवा. मूठ दाबली तर ओलसर लागावी, पण पाणी गळू नये. आठवड्याला वरखाली करा. दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येणारं काळं खत मिळेल. ते परसबागेत घाला.

४. आपल्याकडे मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो. सुटीत पाणी कोण देणार, ते शाळा सुटायच्या आधी ठरवा.

५. आणि सर्वांत महत्त्वाचं, पाळी सगळ्यांची. ठरावीक घरच्या मुलांनी किंवा फक्त मुलींनी कचरा उचलायचा, असं झालं तर खत होईल, पण शिक्षण होणार नाही. गुरुजी आणि मॅडमचं नावही पाळीच्या यादीत असू द्या.

पालकांनो, हीच वही घरीही चालते. रात्री ताटात काय उरलं, ते आठवडाभर मुलांना लिहू द्या. उद्या किती टाकायचं, हा विचार मुलं आपोआप करू लागतील.