आनंदीबाई जोशी : एका अर्जामागील आयुष्य

आपण हा अभ्यासक्रम का निवडला, हा प्रश्न प्रवेशअर्ज भरताना तुम्हांलाही कधीतरी पडला असेल. जून १८८३ मध्ये अमेरिकेतील रोझेल या गावी बसून अठरा वर्षांच्या एका मराठी मुलीने फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला, तेव्हा तिलाही याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र अभ्यासताना हा अर्ज आपण मध्यभागी ठेवू.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, बालपण कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या अशा गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पत्नीने शिकलेच पाहिजे, असा गोपाळरावांचा हट्ट होता आणि त्या हट्टाला मारझोडीची धार होती. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली. शिक्षणाचे ऋणही नाकारले नाही. चरित्रकाराने यांतील एकच बाजू उचलली, तर आनंदीबाई आपल्या हातून निसटतात.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. त्या दुःखातून त्या डॉक्टर झाल्या, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. महाविद्यालयाला लिहिलेल्या अर्जाचा जो मजकूर आज सर्वपरिचित आहे, त्यात बाळाचा उल्लेख येत नाही. त्यात येतात त्या पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनी. स्वकीयांचा व जातीचा विरोध पत्करून आपण इथवर आलो, हा निर्धारच पुढील कामाला उपयोगी पडेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. खाजगी शोकाचे त्यांनी सार्वजनिक गरजेत केलेले हे रूपांतर ध्यानात घ्या. दयेची याचना त्यांनी केली नाही.

हा विचार अर्ज लिहिताना सुचलेला नव्हता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले होते. अमेरिकेलाच का, हिंदुस्थानात सोय नाही काय, एकटीच का, जात वाळीत टाकणार नाही काय, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. देशात हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड आहे आणि येथील सुईणपणाचे वर्ग त्यासाठी पुरेसे नाहीत, ही त्यांची भूमिका होती. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी बजावले. या बजावण्यामागे इतिहास होता. गोपाळरावांनी १८७८ मध्ये एका अमेरिकन मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले होते, तेव्हा उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता.

तो पत्रव्यवहार मात्र एका नियतकालिकात छापला गेला आणि दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आला. तिचा ना कोणत्या संस्थेशी संबंध, ना हिंदुस्थानाशी. तरीही तिने पत्र लिहिले, मैत्री जोडली आणि जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरलेल्या आनंदीबाईंना आपल्या घरी नेले. आनंदीबाई तिला मावशी म्हणत. स्वयंसेवा हा शब्द आज प्रमाणपत्रांशी जोडला गेला आहे. या बाईंच्या सेवेची नोंद कोणत्याही वहीत नव्हती.

अर्ज स्वीकारला गेला. अधिष्ठाता रेचल बॉडले यांनी त्यांना आपलेसे केले. शिक्षणाची तीन वर्षे थंडी, शाकाहार आणि खालावत जाणारी प्रकृती यांच्याशी झुंजण्यात गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अर्जात जे बाळ आले नव्हते, ते कदाचित येथे आले असावे. हा आमचा तर्क आहे. तुम्ही तो तपासून पाहा.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभाग सांभाळण्यासाठी संस्थानाने त्यांची नेमणूक केली होती. त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या त्या क्षयाने खंगूनच. रुजू होणे झाले नाही. ज्या रुग्णस्त्रियांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्यापैकी एकीचीही नाडी त्या खाटेजवळ बसून त्यांना पाहता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवण्यात आल्या.