निःशब्द घरातील लेखक : आल्बेर कामू

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपीय नवसाहित्याचा विषय निघाला की ‘अस्तित्ववाद’ हा शब्द ओघानेच येतो आणि त्यापाठोपाठ सार्त्र व कामू ही दोन नावे जोडीने उच्चारली जातात. मनुष्य आधी अस्तित्वात येतो व मग आपल्या कृतींनी स्वतःला घडवितो. त्याच्या जीवनाचे प्रयोजन कोणी अगोदर ठरवून ठेवलेले नसते, असे सार्त्रच्या अस्तित्ववादाचे सार थोडक्यात सांगता येईल. सार्त्रने हे नाव स्वीकारले. कामूने मात्र आपण अस्तित्ववादी नाही, असे १९४५ मध्येच एका मुलाखतीत सांगून टाकले होते. तरीही वाङ्मयेतिहासकार त्याला त्याच पंक्तीत बसवितात. त्याचा हा नकार खरा मानावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण त्याच्या बालपणात सापडते.

कामूचा जन्म ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात, मोंदोव्ही या गावी झाला. वडील एका मद्यव्यापाऱ्याकडे नोकरीस होते. पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांना फ्रान्समध्ये रणांगणावर जावे लागले. मार्नच्या लढाईत ते जखमी झाले आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये वारले. आल्बेर तेव्हा एक वर्षाचाही नव्हता. वडिलांविषयी त्याला जी एक गोष्ट ऐकून ठाऊक होती ती अशी : एका खुन्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद होणार होता. गुन्हा इतका भयंकर होता की वडील मोठ्या संतापाने तो पाहावयास पहाटेच गेले. परत आले ते एक शब्दही न बोलता अंथरुणावर पडले आणि त्यांना ओकारी आली. ही गोष्ट कामू जन्मभर विसरला नाही. १९५७ साली देहदंडाविरुद्ध त्याने जो दीर्घ निबंध लिहिला, त्याचा आरंभ त्याने याच प्रसंगाने केला.

विधवा आई दोन मुलांना घेऊन अल्जीर्स शहरातील बेलकूर या गरीब वस्तीत आपल्या आईकडे राहू लागली. तिला ऐकू कमी येई, बोलणे त्याहून कमी. लिहितावाचता मुळीच येत नसे. ती परक्यांच्या घरी धुणे-सफाई करी आणि संध्याकाळी थकून येऊन खिडकीशी गप्प बसे. घरावर सत्ता आजीची, आणि तिच्या हाती चाबूक. जवळ राहणारा मामा पिंपे बनविणारा कारागीर. तोही जवळजवळ मुका. घरात पुस्तक नाही, वीज नाही, नळ नाही. पुढे ज्याच्या गद्याचे फ्रान्सने कौतुक केले तो लेखक या घरात वाढला, हे ध्यानात ठेवावे.

प्राथमिक शाळेत लुई जेर्मां नावाचे शिक्षक होते. ते स्वतः महायुद्धात लढून आलेले असल्यामुळे युद्धात बाप गमावलेल्या मुलांविषयी त्यांना विशेष आस्था होती. आल्बेरने माध्यमिक शाळेच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसावे असे त्यांना वाटले. आजीला वाटे, पोराने आता चार पैसे मिळवावेत. आजीचे म्हणणे दुष्टपणाचे नव्हते, घरातील ताटे तिलाच मोजावी लागत. जेर्मां गुरुजी घरी आले, आजीशी बोलले, तिला राजी केले आणि निवडक मुलांना शाळा सुटल्यावर विनामूल्य शिकविले. १९२४ मध्ये आल्बेर शिष्यवृत्ती मिळवून शहरातील मोठ्या शाळेत दाखल झाला. तेथे एका छापील कागदावर आईचा व्यवसाय लिहावयाचा होता. आपल्या अखेरच्या कादंबरीत त्याने तो प्रसंग रंगविला आहे. मोलकरीण असे लिहिताना मुलाला लाज वाटते, आणि लाज वाटली याची त्याहून अधिक लाज वाटते.

फुटबॉल हा त्याचा मोठा छंद होता. एका संघात तो गोलरक्षक होता, हे वाचून आमच्या गोव्यातील मुलांना आनंदच होईल! परंतु १९३० साली, सतराव्या वर्षी, त्याला क्षयाने गाठले. खेळ संपला, शाळा काही काळ सुटली. रुग्णालयात पडल्या पडल्या या मुलाला मृत्यू ही आपलीच गोष्ट आहे असे प्रथम कळले. तत्त्वज्ञानाचे शिक्षक जाँ ग्रेनिए त्याच्या समाचारास बेलकूरच्या घरी आले, तेव्हा तो संकोचाने फारसे बोलूही शकला नाही. पुढे विद्यापीठात त्याने प्लॉटायनस व संत ऑगस्टिन यांच्यावर प्रबंध लिहिला. पण प्राध्यापकपदाच्या स्पर्धापरीक्षेस बसण्यास या रोगामुळेच त्याला वैद्यकीय परवानगी मिळाली नाही. म्हणून तो वृत्तपत्रात शिरला. १९३९ साली काबिली प्रदेशातील उपासमारीवर त्याने लिहिलेली लेखमाला मूळ रहिवाशांच्या हलाखीकडे पाठ फिरविणाऱ्या फ्रेंच समाजाला टोचणारी होती.

१९४२ मध्ये ‘परका’ ही कादंबरी आणि ‘सिसिफसची पुराणकथा’ हा निबंध प्रसिद्ध झाला. मनुष्य विश्वाला अर्थ विचारीत राहतो आणि विश्व उत्तर देत नाही. या दोहोंच्या गाठीतून जे निर्माण होते त्याला कामू असंगती म्हणतो. किर्केगार्द, यास्पर्स यांसारखे विचारवंत या जागेपर्यंत येतात आणि मग उडी मारून श्रद्धेचा आधार घेतात, ही त्याची तक्रार होती. काफ्काविषयीही त्याने असेच लिहिले : असंगतीचे इतके अचूक चित्र काढणारा हा लेखक शेवटी आशेकडे वळतो. काफ्का ज्यू असल्यामुळे जर्मन अमलाखालील पॅरिसमध्ये हे प्रकरण पुस्तकातून वगळावे लागले, हे त्या काळाचे दर्शन घडविते. कामूला उडी नको होती. उत्तर येत नाही हे जाणूनही जगत राहावे, दगड पुन्हा डोंगरावर चढवावा, एवढेच तो मागतो.

हे त्याला पोथ्यांनी शिकविले असे मला वाटत नाही. उत्तर न देणाऱ्या माणसावर प्रेम कसे करावे, हे तो खिडकीशी बसलेल्या आईकडे पाहत शिकला होता. १९३७ मधील आपल्या पहिल्या पुस्तकास १९५८ साली नवी प्रस्तावना लिहिताना, आईचे मौन हाच आपल्या लेखनाचा गाभा असल्याचे त्याने सुचविले. ‘परका’मधील मर्सो आईच्या अंत्यविधीत रडत नाही, आणि पुढे त्याने केलेल्या खुनापेक्षा न रडल्याबद्दलच न्यायालय त्याला अधिक दोषी धरते. कादंबरीची वाक्येही तशीच आखूड, कारणे न सांगणारी. मात्र एक उणीव दाखविलीच पाहिजे. मर्सो ज्याला ठार करतो त्या अरबाला कादंबरीत नाव नाही. २०१३ मध्ये कामेल दाउद या अल्जीरियन लेखकाने त्या मृताच्या भावाला निवेदक करून नवी कादंबरी लिहिली व त्याला नाव दिले. परकीय राजवट अनुभवलेल्या आम्हा वाचकांना ही उणीव चटकन जाणवते.

युद्धकाळात कामूने ‘काँबा’ या गुप्त पत्रात काम केले. हिरोशिमावर बाँब पडल्यावर ८ ऑगस्ट १९४५ च्या अंकात त्याचा निषेध करणारा अग्रलेख त्याचाच. १९४७ मध्ये ‘प्लेग’ आली. १९५१ मध्ये ‘बंडखोर’ या ग्रंथात उद्याच्या सुखासाठी आजच्या माणसांचे बळी देणाऱ्या क्रांतीला त्याने विरोध केला, आणि पुढच्याच वर्षी सार्त्रशी त्याचे कायमचे बिनसले.

खरी कसोटी पुढेच होती. १९५४ साली अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. निदान निरपराध नागरिकांना दोन्ही पक्षांनी मारू नये, एवढे मागण्यास तो जानेवारी १९५६ मध्ये अल्जीर्सला गेला. सभागृहाबाहेर त्याच्याच फ्रेंच बांधवांचा जमाव त्याच्या मृत्यूच्या घोषणा देत होता. त्यानंतर या प्रश्नावर तो बहुधा गप्प राहिला. १९५७ च्या डिसेंबरात स्टॉकहोमला एका अल्जीरियन तरुणाने त्याला जाब विचारला, तेव्हा अल्जीर्सच्या ट्रॅममध्ये बाँब फुटत आहेत आणि आपली आई त्यातल्या एखाद्या ट्रॅममध्ये असू शकेल, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. हे उत्तर अनेकांना पळवाट वाटले. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची न्याय्यता त्याला पुरती उमगली नाही, असे माझेही मत आहे. पण तो खोटे बोलत नव्हता.

तो स्टॉकहोमला गेला होता नोबेल पारितोषिक स्वीकारण्यास. त्या सन्मानाची वार्ता आल्यावर आईखालोखाल त्याला आठवण झाली ती जेर्मां गुरुजींची. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी त्याने त्यांना कृतज्ञतेचे एक लहानसे पत्र लिहिले, आणि स्वीडनमधील भाषणांचे पुस्तक त्यांनाच अर्पण केले.

४ जानेवारी १९६० रोजी पॅरिसकडे परतत असताना मोटार झाडावर आदळून कामू जागीच ठार झाला. खिशात त्याच प्रवासाचे न वापरलेले रेल्वेचे तिकीट होते, आणि मोटारीतील पिशवीत ‘पहिला माणूस’ या अपुऱ्या कादंबरीची १४४ हस्तलिखित पाने. तीत बेलकूरचे घर आहे, आजीचा चाबूक आहे, गुरुजी आहेत. जी ती कधीच वाचू शकणार नव्हती त्या आईला त्याने ती अर्पण केली होती. आई त्याच वर्षी सप्टेंबरात वारली. कन्येने १९९४ मध्ये ती प्रसिद्ध केली तेव्हा शेवटी दोन पत्रे जोडली : एक कामूने गुरुजींना लिहिलेले, आणि दुसरे एप्रिल १९५९ मधील, वृद्ध जेर्मां यांनी आपल्या लहानग्या आल्बेरला लिहिलेले.