वाटाण्याचा अंकुर आणि नाचणाऱ्या आगकाड्या
(दादासाहेब फाळके यांची जीवनकथा)



आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदामाई वाहते. ती येते कुठून? नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरी डोंगरातून. त्याच त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी एका शास्त्रीबुवांच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणू लागला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव आपल्याला सामान्यज्ञानाच्या पुस्तकात भेटते. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आज आपण ज्याला कार्टून म्हणतो, म्हणजे निर्जीव वस्तू किंवा चित्रे हलती करायची करामत, तीही आपल्याकडे पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांत दादासाहेबच होते. आणि या करामतीची सुरुवात झाली ती एका वाटाण्याच्या दाण्यापासून! ती कशी, तेच आज सांगायचे आहे.

हरहुन्नरी धुंडिराज

धुंडिराजाला लहानपणापासून चित्रे काढायचा भारी नाद. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. ते शिकवण्यासाठी मुंबईला गेले आणि मुलाचे नशीब उघडले. १८८५ साली धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकला झाली, फोटोग्राफी झाली, छपाई झाली. जादूचे प्रयोगसुद्धा शिकून झाले. घरच्यांना वाटले असेल, हा पोरगा एक काही धड धरत नाही. पण पुढे यातली एकेक विद्या कामाला आली बरं का!

शिक्षण झाल्यावर त्यांनी गुजरातेत गोध्रा इथे फोटोचा धंदा मांडला. त्या काळी प्लेगची साथ होती. त्या साथीत त्यांची पत्नी आणि लहान मूल दोघेही गेले. धंदा मोडला. माणूस खचून जावा असेच ते दिवस होते. पण ते पुन्हा उभे राहिले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. त्यांची गोष्ट पुढे येणारच आहे, कारण त्यांच्याशिवाय ही जीवनकथा पुरी होत नाही.

काही काळ दादासाहेबांनी सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. बंगालच्या फाळणीनंतर देशात स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा ती नोकरी त्यांनी सोडली. मग छापखाना काढला. रंगीत छपाई शिकायला आणि यंत्रे आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला. पण भागीदारांशी पटेना, म्हणून एके दिवशी त्यातूनही ते बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरात बायको-मुले, आणि हाताला काम नाही!

डोळे गेले आणि परत आले

१९१०-११ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईत एका तंबूत दादासाहेबांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर येशूचे जीवन सरकत होते आणि यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपले देव, आपल्या कथा अशा पडद्यावर का दिसू नयेत? या विचाराने त्यांना झपाटले. सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो खेळ नेऊन दाखवला.

मग काय, ध्यासच लागला. रोज संध्याकाळी सिनेमा बघायचा आणि रात्री त्यावरची पुस्तके वाचायची. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की शेवटी दिसेनासेच झाले. चित्रकार, फोटोग्राफर माणूस, आणि त्याचेच डोळे गेले! घरावर केवढे संकट आले असेल, याची कल्पना करा. पण डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांनी उपचार केले, चष्मे दिले आणि हळूहळू दृष्टी परत आली. डोळे परत मिळाले तेव्हा दुसऱ्या कुणी म्हटले असते, पुरे झाला हा नाद. दादासाहेबांनी मात्र त्याच डोळ्यांनी पुन्हा सिनेमा शिकायला घेतला.

कॅमेरा हवा, कच्ची फिल्म हवी, शिक्षणही हवे. ते सगळे विलायतेत. पैसा नव्हता, म्हणून विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. ओळख ना पाळख. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन धडकले. तिथल्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपटकाराशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळ्या मनाने दाखवला. थोडक्या दिवसांत शिकायचे तेवढे शिकून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेऊन ते परत आले.

कुंडीतला वाटाणा

आता खरी अडचण उभी राहिली. चित्रपट काढायला मोठे भांडवल लागते. ते देणार कोण? हिंदुस्थानात बसून असले काही करता येईल यावर कुणाचा विश्वासच बसेना. तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती केली.

त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा पक्का बसवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. दाणा फुटला, अंकुर वर आला, पाने उलगडली, वेल चढू लागला. कॅमेरा जागचा हलला नाही. कित्येक दिवस हे काम चालले होते. मग ती फिल्म धुऊन पडद्यावर दाखवली. पाहतात तो काय! ज्याला दिवसच्या दिवस लागतात ती वाढ जेमतेम मिनिटभरात डोळ्यांपुढे घडली. जणू जादूगाराने कांडी फिरवली आणि मातीतून वेल सरसर वर आला. ही चित्रफीत ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाते.

आपण शेतकऱ्यांची मुले. तूर, मूग, हरभरा उगवताना आपण दरसाल पाहतो. पण वाढताना कुणी पाहिला आहे का? सकाळी बघावे तर कालच्यापेक्षा बोटभर वर आलेला असतो, एवढेच. ती वाढ प्रत्यक्ष दिसली पाहिजे, हे दादासाहेबांच्या मनात आले, यातच त्यांची हुशारी दिसते.

फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी ही फिल्म पाहिली. त्यांची खात्री पटली आणि त्यांनी कर्ज द्यायचे कबूल केले. म्हणजे पाहा, देशातल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचे भांडवल एका वाटाण्याच्या दाण्याने उभे केले! तरी पैसे कमी पडत होतेच. तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

धन्य ती माउली

पालकहो, विशेषतः आयांनो, हा भाग जरा सावकाश वाचा. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दादरच्या एका बंगल्यात तयार होत होता. तिथे काम करणारी साठ-सत्तर माणसे. त्या सगळ्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करायच्या. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, कारण नटाच्या तोंडावर उजेड पाडायला दिवे नव्हते. आणि रात्री सगळे निजले की काळोख्या खोलीत कच्च्या फिल्मला एकेक भोक पाडत बसायच्या. काळोखातच, कारण उजेड लागला तर फिल्म वाया जायची. फिल्म धुण्याचे कामही त्यांनी शिकून घेतले होते. पदरात लहान मुले होती, ती वेगळीच.

त्या काळी चित्रपटात काम करायला बायका तयार होत नसत. म्हणून राणी तारामती झाले अण्णा साळुंके, जे मुंबईच्या एका खानावळीत काम करत होते! रोहिदास झाला दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावात कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. लोकांनी गर्दी केली. घरदार पणाला लावले होते, ते सार्थकी लागले.

आगकाड्या नाचल्या

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले. कच्ची फिल्म येत होती परदेशातून, ती मिळेनाशी झाली. पैसे लावणारेही मागे सरले. मोठा चित्रपट काढणे अवघड झाले. आता हातावर हात ठेवून बसायचे का? दादासाहेबांनी थोडक्या फिल्मवर छोट्या छोट्या चित्रफिती काढल्या. त्यांतलीच एक ‘आगकाड्यांची मौज’, साल १९१५. आपल्या घरी चुलीजवळ असतात त्याच आगकाड्या. ना दोरा, ना तार, आणि पडद्यावर त्या आपोआप हलू लागल्या!

यातली युक्ती समजून घेऊ. कॅमेऱ्यापुढे काड्या मांडायच्या आणि एक चित्र घ्यायचे. मग काड्या अगदी थोड्या सरकवायच्या आणि दुसरे चित्र घ्यायचे. पुन्हा सरकवायच्या, पुन्हा चित्र. ही चित्रे भराभर दाखवली की आपल्या डोळ्यांना ती वेगवेगळी दिसत नाहीत, काडी चालते आहे असेच वाटते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवत. आता गणित करा. एका मिनिटाचे सेकंद ६०. ६० गुणिले १६ म्हणजे ९६०. म्हणजे मिनिटभराच्या मौजेसाठी नऊशे साठ चित्रे! मध्येच हाताचा धक्का लागला किंवा वाऱ्याने काडी हलली, की केलेली मेहनत वाया. ज्यांचे डोळे एकदा जाऊन परत आले होते, त्या माणसाने हे डोळ्यांत तेल घालून केले.

त्या काळच्या मुलांनी ना मोबाईल पाहिला होता, ना दूरदर्शन. त्यांना आगकाड्या हलताना बघून काय वाटले असेल! आपल्याकडच्या मुलांनी पाहिलेल्या अगदी पहिल्या ‘हलत्या वस्तूंच्या’ चित्रफितींपैकी ही एक. दुर्दैवाने ती आज आपल्याला बघायला मिळत नाही. तेव्हाची फिल्म लवकर पेट घेणारी आणि लवकर खराब होणारी असे. दादासाहेबांचे बहुतेक काम असेच नाहीसे झाले. काही चित्रपटांची थोडीच रिळे उरली आहेत.

मोठेपण आणि उतरते दिवस

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. आपला गाव समर्थांचे जन्मगाव. मारुतीची भक्ती आपल्याला सांगायला नको. शेपटीने लंका जाळणारा मारुती पडद्यावर पाहून लोक वेडे झाले. गंमत म्हणजे यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच! १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये दादासाहेबांची लहानगी लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली. आपल्या आयुष्यात त्यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि पंचवीसहून जास्त लघुपट काढले.

पण सगळे दिवस सारखे नसतात. भागीदारांशी मतभेद झाले. ते सारे सोडून काही काळ काशीला जाऊन राहिले. परत आले, तर १९३१ पासून बोलपट सुरू झाले. मूकपटाची विद्या मागे पडली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकुलता बोलपट आणि शेवटचा चित्रपट. ज्या माणसाने हा धंदा देशात रुजवला, त्यालाच त्या धंद्यात जागा उरली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार भारत सरकारने १९६९ साली सुरू केला आणि १९७१ मध्ये टपाल तिकीट काढले. त्यांच्या हयातीत मात्र त्यांना हे काही पाहायला मिळाले नाही.

त्यांनी लावलेला वेल मात्र वाढत गेला. १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘जंबू काका’ हे व्यंगपट काढले. १९७४ मध्ये विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ आला. जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी दूरदर्शनवर पाहिलेले आपल्यापैकी किती पालकांना आठवतात? घरी गेल्यावर विचारा हं!

आपण काय घ्यायचे?

दादासाहेबांजवळ मोठे सामान नव्हते, तेव्हा त्यांनी वाटाणा घेतला. फिल्म मिळेना, तेव्हा आगकाड्या घेतल्या. जे हाताशी आहे त्यातून सुरुवात करायची, ही पहिली शिकवण. आणि एकट्याच्या जोरावर काही होत नाही, पाठीशी सरस्वतीबाईंसारखे कुणी तरी काळोखात बसून काम करत असते. त्यांचे नावही आपण घ्यायला शिकावे, ही दुसरी.

करून पाहा : जुन्या वहीच्या कोपऱ्यावर पानामागून पान मुगाचा दाणा काढा. प्रत्येक पानावर अंकुर थोडा थोडा वाढवा. तीसेक पाने झाली की अंगठ्याने ती भरकन सोडा. तुमचाही अंकुर वाढताना दिसेल. आगकाड्यांचा खेळ करायचा असेल तर जळक्या काड्याच घ्या आणि मोठ्यांना जवळ बसवा.