बोस्टनचा पैसा, पुण्याचा विश्वास

परदेशी संस्थेची मदत हे शब्द आता तालुक्याच्या गावातही ऐकू येतात. पण लांबची संस्था आणि इथली संस्था यांची भागीदारी चालते कशी? मला ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून नीट कळलं.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. दुष्काळात आईवडील गेले. 1882 मध्ये पतीही गेले, पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथेच ख्रिस्ती झाल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत पोचल्या आणि इथल्या विधवांची दशा गावोगाव सांगत फिरल्या. त्यातूनच 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. दहा वर्षं पैसा द्यायचा, असं ठरलं. अट एकच, शाळेत कुठल्याच धर्माची शिकवण द्यायची नाही.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पैसा बोस्टनचा, पण इथल्या लोकांचा भरवसा बसला तो सल्लागार मंडळामुळे. त्यात रानडे, भांडारकरांसारखी माणसं होती. धोंडो केशव कर्व्यांशी पुढे पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या.

मग ठिणगी पडली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. रमाबाईंच्या मते ही सक्ती नव्हती, सल्लागारांच्या मते हा शब्द मोडणं होतं. 1893 मध्ये मंडळाने अंग काढून घेतलं. पालकांनी बऱ्याच मुली घरी नेल्या. बोस्टनने हात सोडला नाही, पण पुण्यातला विश्वास काही डॉलरने परत आला नाही.

रमाबाई खचल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली, बायका केडगावला आणल्या. शेती, विणकाम, पुढे छापखानाही काढला. 1898 मध्ये दहा वर्षांची मुदत संपल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुनी संस्था विसर्जित होऊन नवी झाली, नवा करार झाला. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, मुक्ती मिशनचं काम मात्र पुढे चालत राहिलं.

कोण बरोबर, कोण चूक, हा वाद अजून संपलेला नाही. मला वाटतं, अट कागदावर असून भागत नाही. उघड्या दाराचा अर्थ काय, हे दोन्हीकडच्यांनी आधीच बसून बोलायला हवं. आणि ज्यांच्या मुली आहेत, त्या आयाबापांनाही त्या बैठकीत जागा हवी, नाही का?