डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर : खिडकीतून दिसलेला इतिहास



अश्मयुगाचा पाठ शिकवताना भीमबेटकाचं चित्र येतं आणि आपण एका वाक्यात पुढे जातो. ती चित्रं जगासमोर आणणारा माणूस मराठी होता, हे मुलांना सांगायचं राहून जातं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

विष्णू श्रीधर वाकणकर यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी मध्य प्रदेशातील नीमच येथे झाला. त्यांची कर्मभूमी उज्जैन. सगळे त्यांना हरिभाऊ म्हणत. ते आधी चित्रकार होते, मग पुरातत्त्वज्ञ झाले. त्यांच्या कामाची किल्ली इथेच आहे.

सन १९५७. हरिभाऊ रेल्वेने भोपाळकडे चालले होते. खिडकीतून दूरच्या डोंगरावर मोठमोठ्या खडकांचे विचित्र आकार दिसले. असे खडक असतील तिथे आदिमानवाने आसरा घेतला असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. ते त्या डोंगरात गेले, जंगल तुडवत वर चढले, आणि खडकांच्या पोटात त्यांना चित्रं सापडली! हत्ती, गवे, हरणं, शिकारी, हातात हात घालून नाचणारी माणसं.

ही जागा कोणालाच माहीत नव्हती असं मात्र नाही. आसपासचे आदिवासी तिथे वावरतच होते. १८८८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने तिचा उल्लेखही केला होता, पण बौद्ध स्थळ म्हणून. जागा तीच, पाहणारी नजर वेगळी.

खरं काम तर पुढेच होतं. हरिभाऊ पुन्हा पुन्हा तिथे गेले. चित्रांच्या हाताने नकला केल्या. एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं काढलेलं असे. खालचं जुनं, वरचं नवं. या थरांवरून त्यांनी चित्रांचा क्रम लावला. खाली प्राणी आणि शिकार, वर घोडेस्वार आणि लढाया. गेरूसारख्या खनिजांचा लाल आणि पांढरा रंग जास्त. १९७० च्या दशकात तिथे उत्खननही झालं आणि दगडी हत्यारं मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी याच विषयात संशोधन केलं आणि १९७३ मध्ये पीएच.डी. मिळवली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूर येथे त्यांचं निधन झालं. भीमबेटका जागतिक वारसा यादीत आलं ते २००३ मध्ये. तो दिवस पाहायला हरिभाऊ नव्हते.

स्पेनमधल्या अल्तामिराचीही अशीच गोष्ट आहे. १८७९ मध्ये छतावरची चित्रं पहिल्यांदा दिसली ती वडिलांबरोबर गुहेत गेलेल्या लहानग्या मारियाला. तज्ज्ञांनी ती खोटी ठरवली. १९०२ मध्ये चूक मान्य झाली, तेव्हा तिचे वडील हयात नव्हते.

आता आपल्या दहिसरकडे वळू. मंडपेश्वर आणि कान्हेरी आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. मुलांना फरक नक्की सांगा : ही लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरली, तर भीमबेटकाचे शैलाश्रय ऊन-वारा-पावसाने घडवले आणि माणसाने ते फक्त रंगवले.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या भिंतींवर खिळ्याने नावं कोरलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हजारो वर्षं टिकलेलं चित्र एका खिळ्याने मिनिटभरात जातं आणि ते परत काढून देणारा कोणी उरलेला नाही. सहलीला निघताना डब्याची, पाण्याच्या बाटलीची सूचना देतो, तशी हीसुद्धा द्यायची.

वर्गासाठी उपक्रम : सहलीला जाताना प्रत्येक मुलाला वही-पेन्सिल द्या. फोटो नंतर. आधी एखादा खांब, एखादी मूर्ती दहा मिनिटं बघून काढायला सांगा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. हात चालला की डोळे नीट बघायला लागतात. हरिभाऊंनी आयुष्यभर तेच केलं.

आणि हो, ट्रेनच्या खिडकीतून कोणी मूल टक लावून बाहेर बघत असेल, तर त्याला लगेच हाक मारू नका!