चक्री आणि पास्कल

आमच्या गावच्या जत्रेत चक्रीवाला येतो. चक्रीवर १ ते १२ आकडे असतात. एका आकड्यावर १० रुपये लावायचे. काटा त्याच आकड्यावर आला तर १०० रुपये मिळतात. मी तीनदा लावले. ३० रुपये गेले. ते ताईच्या बांगड्यांचे होते. घरी मी पैसे हरवले म्हणून सांगितलं. मग गुरुजींना विचारले, की हा खेळ कोणी काढला. त्यांनी ब्लेझ पास्कल यांची माहिती दिली.

पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समध्ये झाला. ते ३ वर्षांचे असताना आई वारली. वडील करवसुलीच्या कामावर होते. त्यांची आकडेमोड संपतच नसे. म्हणून १६४२ साली, १९ व्या वर्षी, पास्कल यांनी बेरजेचे यंत्र करायला घेतले. त्यात चाके फिरवली की हातचा आपोआप पुढे जाई. मला हे लई आवडले, कारण मी हातचा नेहमी विसरतो. हवेच्या दाबावरही त्यांनी प्रयोग केले.

परदेशात जुगाराच्या ठिकाणी रूलेट नावाची चक्री असते. ती पास्कल यांनीच काढली असे लोक सांगतात. पण त्याला पुरावा नाही. रूलेट म्हणजे छोटे चाक. त्या नावाचे त्यांचे लिखाण आहे, पण ते वेगळेच. बैलगाडीच्या चाकाला चुन्याची खूण केली आणि गाडी चालली, तर खूण कमानीसारखी वर-खाली जाते. त्या रेषेबद्दल त्यांनी १६५८ साली लिहिले.

त्यांचे खरे काम १६५४ सालचे. डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटायचे, यावर त्यांनी फर्मा या गणितज्ञाला पत्रे लिहिली. त्यातून नशिबाच्या खेळाचे गणित निघाले. गुरुजींनी मला तसेच गणित घातले. बारा जणांनी बारा आकड्यांवर १० रुपये लावले, तर १२० जमतात. जिंकणाऱ्याला १०० दिले की २० उरतात. कोणताही आकडा येवो, २० चक्रीवाल्याचेच! रूलेटमध्ये ० ते ३६ अशी ३७ घरे असतात आणि एका रुपयाला ३६ मिळतात. म्हणजे तिथंही एक रुपया मालकाचा.

१६६२ साली पास्कल यांच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्याने भाड्याच्या घोडागाड्या सुरू झाल्या, आपल्या नांदेड-लातूर एस.टी.सारख्या. त्याच वर्षी १९ ऑगस्टला ते वारले. वय फक्त ३९.

आई शाळेत आल्यावर हे वाचणार आहे. म्हणून लिहितो, ते ३० रुपये हरवले नव्हते.