गोठ्यातली शाळा

विद्यार्थी मित्रांनो, नकाशाच्या पुस्तकात उत्तर अमेरिका खंडाचे पान उघडा. त्यात कॅनडा हा देश तुम्हांला सहज सापडेल. त्याच्या पूर्व भागात सेंट लॉरेन्स नावाची मोठी नदी आहे. या नदीतील एका बेटावर माँट्रियल शहर वसले आहे. आज तेथे लाखो लोक राहतात; परंतु सतराव्या शतकात तेथे फ्रान्समधून आलेल्या लोकांची एक लहानशी वस्ती होती. तिचे नाव विल-मारी. या वस्तीत पहिली शाळा काढणाऱ्या मार्गरिट बूर्ज्वा यांची ओळख आपण करून घेऊ.

मार्गरिट यांचा जन्म १७ एप्रिल १६२० रोजी फ्रान्समधील त्र्वा या शहरात झाला. त्यांचे वडील मेणबत्त्या तयार करून विकत असत. घरात भावंडे पुष्कळ होती. मार्गरिट अठरा-एकोणीस वर्षांच्या असताना आई वारली.

त्या काळी कॅथलिक पंथाच्या धर्मभगिनींना मठाच्या भिंतीबाहेर जाण्याची परवानगी नसे. मुली मठात आल्या तरच भगिनी त्यांना शिकवू शकत. गरिबांच्या मुली मठापर्यंत पोहोचत नसत. म्हणून त्र्वा शहरातील मठाने बाहेर राहणाऱ्या स्त्रियांचे एक मंडळ स्थापन केले होते. विसाव्या वर्षी मार्गरिट या मंडळात सामील झाल्या आणि गरीब वस्त्यांत जाऊन मुलींना शिकवू लागल्या. शिक्षकानेच मुलांकडे गेले पाहिजे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात पक्का झाला.

१६५२ मध्ये विल-मारीचे प्रमुख मेझोनव्ह फ्रान्सला आले. त्यांना आपल्या वस्तीसाठी माणसे हवी होती. त्यांची बहीण त्र्वा येथील मठात होती. तेथे त्यांची मार्गरिट यांच्याशी भेट झाली. त्यांनी मार्गरिट यांना शिक्षिका म्हणून येण्याची विनंती केली. अनोळखी देश, कडक थंडी आणि समुद्राचा लांबचा प्रवास! शिवाय सोबत दुसरी कोणी शिक्षिका नव्हती. तरीही मार्गरिट तयार झाल्या.

१६५३ च्या उन्हाळ्यात त्यांचे जहाज निघाले. त्यात पाणी शिरू लागल्यामुळे ते परत आणावे लागले. दुरुस्तीनंतर पुन्हा प्रवास सुरू झाला. वाटेत जहाजावर साथ पसरली आणि आठ माणसे दगावली. मार्गरिट रात्रंदिवस आजाऱ्यांची सेवा करत होत्या. सप्टेंबरमध्ये जहाज क्वेबेकला लागले आणि नोव्हेंबरमध्ये त्या विल-मारीला पोहोचल्या.

मित्रांनो, तेथे पोहोचल्यावर त्यांनी काय पाहिले? शिकवण्यासाठी आलेल्या या शिक्षिकेला शिकवायला मुलेच नव्हती! थंडी आणि रोगराई यांमुळे वस्तीतील बाळे जगत नसत. ही भूमी मूळची तेथील आदिवासींची होती. फ्रेंच लोक आणि इरोक्वा जमाती यांच्यात वारंवार लढाया होत. अशा परिस्थितीत मार्गरिट यांना चार वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. पण त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली, लोकांचे कपडे शिवले आणि लोकांच्या मदतीने एका प्रार्थनामंदिराचे काम सुरू केले.

हळूहळू वस्तीत मुले वाढू लागली. जानेवारी १६५८ मध्ये मेझोनव्ह यांनी शाळेसाठी एक दगडी इमारत दिली. ही इमारत म्हणजे जनावरांचा रिकामा गोठा होता. मार्गरिट यांनी तो झाडून-पुसून स्वच्छ केला. वर एक माळा होता. तेथे पूर्वी कबुतरे राहत. तो माळा त्यांनी झोपण्यासाठी घेतला. बाहेरच्या शिडीने वर चढावे लागे. ३० एप्रिल १६५८ रोजी या गोठ्यात शाळा सुरू झाली. मुले आणि मुली एकत्र बसून वाचन आणि धर्माचे पाठ शिकू लागली. मुलींना शिवणकामही शिकवले जाई.

एकट्या शिक्षिकेला काम पुरे पडेना. त्याच वर्षी मार्गरिट मदतनीस आणण्यासाठी फ्रान्सला गेल्या आणि १६५९ मध्ये चार स्त्रियांना घेऊन परतल्या. या स्त्रियांना त्यांनी मोठ्या पगाराचे आमिष दाखवले नाही. साधी भाकरी आणि सूप मिळेल, एवढेच त्यांनी सांगितले होते. मुलांना मोफत शिकवायचे आणि स्वतःचे पोट शिवणकाम व शेती करून भरायचे, असा त्यांचा नियम होता. फ्रान्सच्या राजाने वसाहतीत पाठवलेल्या तरुण मुलींनाही मार्गरिट आपल्या घरी ठेवून घेत आणि घरकाम शिकवत.

फ्रेंच शासनाच्या धोरणाप्रमाणे आदिवासी मुलींसाठीही भगिनींनी शाळा काढली. त्या मुलींनी आपली रीत सोडून फ्रेंच व्हावे, असा त्या धोरणाचा हेतू होता. आज आपल्याला ते योग्य वाटत नाही. मात्र मार्गरिट यांनी आदिवासी स्त्रियांना आपल्या संघात बरोबरीचे स्थान दिले. त्यांतील दोघी पुढे शिक्षिका झाल्या.

काम वाढत गेले. १६७१ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने या संघाला मान्यतापत्र दिले आणि १६७६ मध्ये बिशप लाव्हाल यांनीही मान्यता दिली. परंतु एक मोठा प्रश्न शिल्लक होता. या भगिनींनी इतरांप्रमाणे मठाच्या भिंतीआड राहावे, असे चर्चमधील वरिष्ठांना वाटे. मार्गरिट यांना ते पटत नव्हते. भगिनी भिंतीआड गेल्या, तर दूरच्या खेड्यांतील मुलांना कोण शिकवणार? त्यांनी वरिष्ठांचा अपमान केला नाही, पण आपला आग्रहही सोडला नाही.

अशातच डिसेंबर १६८३ मध्ये त्यांच्या निवासाला रात्री आग लागली. त्यात दोन भगिनींचा मृत्यू झाला. त्यांपैकी एक मार्गरिट यांची भाची होती. घर जळाले, पैसा नव्हता. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. घर पुन्हा उभे राहिले आणि शाळा चालू राहिल्या. सत्तरीच्या घरात असताना, बिशपांचे बोलावणे आले म्हणून त्या ऐन थंडीत क्वेबेकला पायी गेल्या. हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे!

१६९४ मध्ये नव्या बिशपांनी संघासाठी नियमावली मांडली. भगिनींना ती मान्य झाली नाही. चार वर्षे चर्चा चालली. अखेर १६९८ मध्ये बदललेल्या नियमावलीवर सर्वांचे एकमत झाले. भगिनींना बाहेर जाऊन शिकवण्याची मोकळीक मिळाली.

१६९९ च्या अखेरीस एक तरुण भगिनी फार आजारी पडली. तिच्याऐवजी मला ने, अशी प्रार्थना मार्गरिट यांनी देवाकडे केली. ती भगिनी बरी झाली. मार्गरिट मात्र आजारी पडल्या आणि १२ जानेवारी १७०० रोजी त्यांचे निधन झाले. १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिले.

मित्रांनो, मार्गरिट यांच्याजवळ पैसा किंवा सत्ता नव्हती. त्यांच्याजवळ होता तो एक रिकामा गोठा आणि वाट पाहण्याचा धीर. चांगल्या कामाला सुंदर इमारतच हवी असे नाही, हे त्यांच्या जीवनावरून आपण शिकतो.

स्वाध्याय

१. मार्गरिट यांना शाळा सुरू करण्यासाठी वाट का पाहावी लागली?
२. शाळेच्या पहिल्या इमारतीचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
३. मठाच्या भिंतीआड राहणे मार्गरिट यांना का पटत नव्हते?
४. वाक्यात उपयोग करा : धीर सोडणे, स्वस्थ बसणे, पुरे पडणे.
५. तुमच्या शाळेची स्थापना कोणी व केव्हा केली, याची माहिती मिळवा आणि पाच वाक्ये मराठीत लिहा.